चालू महिन्याची फाइल

१२ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

मस्कासाथेतल्या किराणा पेढीचं खातं माझ्याकडे आलं. जुने मुनीमकाका लक्ष्मीपूजनाला वही पुजून थांबले. गुडघे साथ देत नाहीत म्हणाले. शेठांचा त्यांच्यावर इतका विश्वास की हिशेब ताब्यात घ्यायला मी गेले, तर कपाटाची किल्ली, टॅलीचा पासवर्ड आणि 'मेळ' नावाची एक एक्सेल फाइल एवढंच हाती दिलं. "याच्यातच सगळं हाये जी," शेठ म्हणाले.

खरंच सगळं त्यातच आहे. टॅलीतून काढलेलं खरेदीचं रजिस्टर एका बाजूला, सरकारी पोर्टलवरून उतरवलेली जीएसटीआर-टूबी दुसऱ्या बाजूला, आणि मधल्या कॉलममध्ये फरक. १ जानेवारी २०२२ पासून नियम सरळ आहे: पुरवठादारानं भरलेलं बिल टूबीत दिसेल, तेवढंच क्रेडिट घ्यायचं. दिसलं नाही तर तेवढा कर तूर्तास स्वतःच्या खिशातून. त्यामुळे पेढीचा महिना या मधल्या कॉलमवर उभा असतो.

पुरवठादारांची यादी वाचताना नागपूर नकाशात कुठे आहे ते कळतं. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे. २७ म्हणजे आपण: गोंदियाचा तांदूळ, अकोल्याची तूरडाळ. २३ मध्य प्रदेश: इंदूरची शेव. २२ छत्तीसगड: भाटापाऱ्याचे पोहे. सुट्या डाळ-तांदळावर कर नाही, पण १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या छापील पॅकिंगवर ५ टक्के लागला आणि पूर्वी या यादीत नसलेली किती तरी नावं तिच्यात आली.

'मेळ' उघडली की एक्सेल वरच पिवळी पट्टी दाखवतं आणि लिंक अपडेट करायच्या का विचारतं. दुकानातला पोरगा (बी.कॉम. शेवटच्या वर्षाला आहे, दुपारनंतर येतो) सवयीनं 'नको' दाबतो. का, असं विचारलं तर म्हणाला, "हो म्हटलं की लय वेळ लागते ताई, अन् कधी कधी फाइल सापडत नाही म्हणते."

१४ नोव्हेंबर, गुरुवार

टूबी दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होते. सकाळीच उतरवली. नाव असं येतं: आधी महिना आणि वर्ष चिकटवून, म्हणजे ऑक्टोबरसाठी १०२०२४, मग अंडरस्कोअर, पेढीचा पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांक, पुन्हा अंडरस्कोअर, जीएसटीआर-टूबी, आणि शेवटी एक पूर्ण तारीख. सरकारच्या बाजूनं हे नाव चोख आहे. पेढी कुठली, महिना कुठला, सगळं त्यात. फक्त ते दर महिन्याला बदलतं, आणि 'मेळ'मधल्या प्रत्येक फॉर्म्युल्यात मागच्या महिन्याचं नाव कोरलेलं आहे.

दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारा फॉर्म्युला कसा दिसतो, ते पोराला वहीत काढून दाखवलं. आधी फोल्डरची वाट, मग चौकोनी कंसात फाइलचं नाव, कंसाबाहेर शीटचं नाव, या सगळ्याला एकेरी अवतरणचिन्हं, मग उद्गारचिन्ह आणि शेवटी सेलचा पत्ता. ती फाइल उघडी असेल तर एक्सेल फोल्डरची वाट दाखवतच नाही, नुसता कंस दाखवतं. बंद केली की वाट परत येते. पोराला हे माहीत नव्हतं. एकाच सेलमधला फॉर्म्युला सकाळी आखूड आणि दुपारी लांब दिसतो म्हणून त्याला वाटे, काकांनी काही तरी बदललं.

मुनीमकाकांची रीत अशी होती: टूबी उतरवायची, तिला साधं नाव द्यायचं (ऑगस्ट, सप्टेंबर), 'मेळ'मध्ये कंट्रोल-एच दाबून जुन्या नावाच्या जागी नवं नाव टाकायचं. चालतं. पण नव्या नावात एखादं अक्षर चुकलं, तर एक्सेल प्रत्येक सेलसाठी वेगळी खिडकी उघडून विचारतं, फाइल कुठे आहे? चारशे सेल असतील तर चारशे वेळा. एस्केप दाबून दाबून बोट दुखतं.

त्यापेक्षा डेटा टॅबमधली 'एडिट लिंक्स'ची खिडकी बरी. नव्या एक्सेलमध्ये तिला 'वर्कबुक लिंक्स' म्हणतात. फाइल कुठकुठल्या फायलींवर टेकून उभी आहे याची यादी तिथे मिळते, आणि 'चेंज सोर्स' म्हणून नवी फाइल दाखवली की सगळे फॉर्म्युले एकदम वळतात. अट एकच, आतल्या शीटचं नाव तेच हवं. टूबीत ते तेच असतं.

मी ती खिडकी उघडली ती सोर्स बदलण्यासाठी. यादीत एकच नाव असायला हवं होतं, सप्टेंबर. दोन होती. सप्टेंबर आणि ऑगस्ट.

ऑगस्टवर टेकलेल्या ओळी शोधल्या. यादीच्या तळाशी तीन पार्ट्या, तिन्ही २२ नं सुरू होणाऱ्या. त्यांच्यापुढे सप्टेंबरच्या मेळात ऑगस्टचे आकडे होते आणि खरेदीशी ते जवळपास जुळतही होते, कारण दर महिन्याला माल साधारण तेवढाच येतो. कुठे लाल खूण नाही, कुठे एरर नाही. आकडा होता, गोल होता, चुकीचा होता.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

कार्तिक पौर्णिमा, गुरुनानक जयंती. पेढी अर्धी बंद. काकांना फोन केला. तक्रार करायला नाही, फक्त कसं झालं असेल ते समजून घ्यायला. त्यांनी क्षणभर विचार केला आणि लगेच सांगितलं.

"ताई, मी वरतून खालवर सिलेक्ट करत होतो अन् मंग कंट्रोल-एच. ते तीन भाटापारावाले ऑगस्टात आले. त्याहीले खाली जोडलं, पण सिलेक्ट कराची जागा मले जुनीच सवयीची होती."

बरोबर. आधी सेल निवडलेले असले, तर बदल फक्त निवडीत होतो. नव्या ओळी वरून कॉपी करून आल्या, तेव्हा त्यांच्यात 'ऑगस्ट' आलं. पुढच्या महिन्यात निवड जुन्या ओळींवरच थांबली. आठवड्याभरात असा शोध एखाद्या ऑडिटरनंही लावला नसता.

मग ते वहीवर आले. त्यांची नोकरीची पहिली बरीच वर्षं लाल कापडी वह्यांत गेली. कीर्दीतल्या प्रत्येक नोंदीपुढे खातावणीचं पान लिहायचं आणि खातावणीत कीर्दीचं. वही भरली की बाकी नव्या वहीत ओढायची, आणि ओढताना शेजारी लिहायचं: कुठल्या वहीच्या कुठल्या पानावरून. "वहीमधी कुठून आणलं ते लिहल्याबिगर आकडा पुढं नेतच नव्हतो जी. कॉम्प्युटरमधी ते लिहाचं राहून गेलं."

इथे मी त्यांच्याशी पूर्ण सहमत आहे. फॉर्म्युल्यात स्रोत लिहिलेला असतो खरा, पण तो सेलवर जाऊन वर पाहिल्याशिवाय दिसत नाही. वहीत तो आकड्याच्या अंगावरच असे.

तीन पार्ट्यांची जास्तीची रक्कम फार नाही. सीएंना कळवली. ऑक्टोबरच्या थ्रीबीत, म्हणजे जीएसटीच्या मासिक विवरणपत्रात, ती उलटवायची आहे.

१६ नोव्हेंबर, शनिवार

आज दिवसभर इनडायरेक्ट.

एक्सेल वापरणाऱ्या प्रत्येकाला कधी तरी हा साक्षात्कार होतो: फाइलचं नाव फॉर्म्युल्यात कोरण्याऐवजी एका सेलमध्ये लिहायचं, अँपरसँडनं तुकडे जोडून पूर्ण पत्ता तयार करायचा, आणि इनडायरेक्टला म्हणायचं, हा मजकूर पत्ता समज आणि तिथून आकडा आण. वरच्या सेलमध्ये तारीख टाकली, टेक्स्ट फंक्शननं तिचं '१०२०२४' केलं, पुढे जीएसटी क्रमांक जोडला. तारीख बदलली की सगळा मेळ वळला. पोरगा खूश. शेठांना बोलावून दाखवलं.

मग टूबीची फाइल बंद केली आणि 'मेळ'मध्ये एक सेल बदलला. वरपासून खालपर्यंत हॅश-रेफ. इनडायरेक्ट फक्त उघड्या फायलींत पाहतं. बंद फाइलमधून ते काहीच आणत नाही, आणि हे त्याचं बिघडणं नाही, स्वभाव आहे. लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये ते बंद फाइलमधूनही आणतं, पण त्यासाठी अख्खी पेढी लिबरऑफिसवर न्यायची कोणी? एक्सेलसाठी पूर्वी मोअरफंक नावाची जोड मिळे, तिच्यात बंद फाइल वाचणारा इनडायरेक्टचा भाऊ होता. आजच्या कॉम्प्युटरवर तसल्या जुन्या जोडांच्या भरवशावर कराचा हिशेब ठेवण्याची माझी तयारी नाही.

शिवाय दोन अडचणी. इनडायरेक्ट अस्थिर फंक्शन आहे. शीटमध्ये कुठेही काही हललं की ते पुन्हा मोजतं, आणि शेकड्यांनी असली की फाइल घसरत चालते. दुसरी म्हणजे टूबीच्या नावातली शेवटची तारीख. ती १४ च असेल असं गृहीत धरता येत नाही, आणि पत्त्यात 'इथे काहीही चालेल' म्हणून चांदणी टाकायची सोय नाही.

पोरगा हिरमुसला. "ताई, जुनंच बरं होतं. निदान आकडा तर दिसे."

वाद इथेच आहे. त्याला दिसणारा आकडा हवा आहे. मला दिसत नसलेला चालेल, पण जुना नको. सरळ लिंक फाइल सापडली नाही तरी मागच्या वेळचा साठवलेला आकडा दाखवत राहते. पिवळ्या पट्टीवर 'नको' दाबलं की तेच. चेहरा तोच, तारीख निराळी. इनडायरेक्ट निदान ओरडतं. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्याकडून कोविडचे १५,८४१ रुग्ण आकडेवारीतून गळाले. प्रयोगशाळांकडून आलेल्या याद्या जुन्या प्रकारच्या एक्सेल फाइलमध्ये भरल्या जात होत्या, आणि तिची मर्यादा ६५,५३६ ओळींची. पुढच्या ओळी गप्प राहून गेल्या. एरर आली असती, तर कोणी तरी त्याच दिवशी कपाळाला हात लावला असता. पोराला हे सांगितलं. तो म्हणाला, "आपल्याकडं पासष्ट हजार बिलं नाहीत जी." हेही खरंच.

१८ नोव्हेंबर, सोमवार

इनडायरेक्ट सोडलं. साधा उपाय घेतला.

पोर्टलवरची फाइल जशीच्या तशी, मूळ नावानं, 'मूळ' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायची आणि तिला हात लावायचा नाही. तिची एक प्रत 'मेळ'च्या शेजारी ठेवायची, नाव 'चालू'. पुढच्या महिन्यात नवी प्रत त्याच नावानं वर टाकायची. फॉर्म्युल्यांना आता फक्त 'चालू' माहीत आहे, महिने येवोत-जावोत. 'मेळ' आणि 'चालू' एकाच फोल्डरमध्ये असल्यानं उद्या अख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर नेला तरी लिंक तुटत नाही.

यात धोका उघड आहे. नाव तेच राहिलं, तर आत कुठला महिना आहे हे नावावरून कळणार नाही. पण टूबी स्वतःची ओळख स्वतः सांगते. तिच्या पहिल्या शीटवर, रीड-मीवर, आर्थिक वर्ष, कर-महिना, जीएसटी क्रमांक, पेढीचं नाव आणि फाइल तयार झाल्याची तारीख असते. बाहेरचं नाव कोणीही बदलेल. आतला मजकूर मुद्दाम खोडल्याशिवाय बदलत नाही. म्हणून 'मेळ'च्या माथ्यावर मी तीन सेल जोडले: 'चालू'मधला महिना, वर्ष आणि जीएसटी क्रमांक. शेजारी आपण टाईप केलेला महिना. दोन्ही जुळले तरच बेरीज दिसेल, नाही तर त्या जागी लाल अक्षरांत 'महिना जुळत नाही'. वर्षही तपासायला हवं, कारण रीड-मीमध्ये महिन्याच्या सेलमध्ये नुसतं महिन्याचं नाव असतं; मागच्या ऑक्टोबरची फाइल चुकून आली तर महिना जुळेल.

पिवळ्या पट्टीवर पोरानं 'नको' दाबलं, तरी आता फसायचं नाही. रीड-मीमधून साठवलेला महिनाही जुनाच राहील आणि नव्या महिन्याशी भांडेल.

दुपारी दुसरी कटकट. काकांनी एका शीटवर पार्टीवार बेरजा सम-इफ्सनं केल्या आहेत. 'चालू' बंद असताना ते हॅश-व्हॅल्यू देतं. सम-इफ, काउंट-इफ यांचंही तेच. व्ही-लुकअप आणि इंडेक्स बंद फाइलमधून चालतात. सम-प्रॉडक्टही चालतं, म्हणून बेरजा त्यात बदलल्या. सम-प्रॉडक्ट वाचायला अवघड, पण हट्टी नाही.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

उद्या विधानसभेचं मतदान. महाराष्ट्र आणि झारखंडसाठी ऑक्टोबरची थ्रीबी भरायची मुदत २० वरून २१ झाली, कालची अधिसूचना. दोनच राज्यांपुरता एक दिवस. छत्तीसगडच्या पार्टीचा मुनीम फोनवर हसला: "आप लोगों को एक दिन का बोनस।"

२१ नोव्हेंबर, गुरुवार

थ्रीबी भरली. तीन पार्ट्यांची रक्कम उलटवली.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

कळमन्याच्या गोदामात गेले. आंबिया बहाराच्या संत्र्यांच्या गाड्या रांगेत, रस्ता नारिंगी, रिक्षावाल्यानं मला यार्डाच्या अलीकडेच उतरवलं.

गोदामाचा हिशेब तिथला माणूस मोबाइलवर गूगल शीटमध्ये ठेवतो. शेठांना तो रोज मस्कासाथेत दिसायला हवा. हा माणूस मनस्वी आहे. फाइलचं नाव दर आठवड्याला बदलतो: 'गोदाम', 'गोदाम नवीन', 'गोदाम बरोबर'. मला वाटलं, पुन्हा तेच. पण गूगलमध्ये इम्पोर्टरेंज फाइलच्या नावावर चालतच नाही. तिच्या दुव्यातल्या त्या लांबलचक अक्षरओळीवर चालतं, आणि ती ओळ नाव बदललं तरी बदलत नाही. पहिल्यांदा जोडताना परवानगीचं बटण दाबायचं, की झालं. मायक्रोसॉफ्टनं एवढं एक्सेलमध्ये दिलं असतं, तर माझा अर्धा नोव्हेंबर वाचला असता.

मात्र पहिला सोडून दुसरा कुठलाही टॅब हवा असेल, तर त्याचं नाव इम्पोर्टरेंजला द्यावं लागतं, आणि हे महाशय रोज नवा टॅब उघडतात, तारखेच्या नावानं. म्हटलं, "भाऊ, रोजचा टॅब ठेवा, पण सगळ्यात पहिल्या टॅबचं नाव 'आज' ठेवा आणि त्यातच लिहा. रात्री त्याची नक्कल करून तिला तारीख द्या."

"उलटं झालं मंग ताई. म्हणजे आज कधी जुना होतच नाही."

"होत नाही."

त्यानं मान डोलावली. करेल असं वाटत नाही.

५ डिसेंबर, गुरुवार

शेठांना वर्षाची बेरीज हवी आहे: एप्रिलपासून कुठल्या पार्टीनं किती बिलं उशिरा भरली. एकेक महिन्याची फाइल 'चालू' करून बघत बसलं तर होणार नाही. इथे पॉवर क्वेरी लागते. एक्सेल २०१६ पासून ती आतच आहे. २०१० आणि २०१३ साठी वेगळी उतरवावी लागे. पेढीच्या कॉम्प्युटरवर २००७ होतं. शेठांना नवं घ्यायला पटवण्यात जो वेळ गेला, त्याची नोंद इथे नको.

क्वेरीला फाइल दाखवायची नसते, फोल्डर दाखवायचा. 'मूळ' फोल्डर दाखवला. त्यातली प्रत्येक टूबी उघडून, वरच्या मथळ्याच्या ओळी उडवून, एकाखाली एक जोडलेला तक्ता आला. फाइलचं नाव त्यात एक कॉलम होऊन बसलं. म्हणजे ज्या नावाशी आपण इतके दिवस झुंजतो, ते इथे माहितीचाच भाग झालं. प्रत्येक ओळीच्या डोक्यावर ती कुठून आली ते लिहिलेलं. काकांना फोटो पाठवला. त्यांनी अंगठा पाठवला.

पण फोल्डर वाचणारं यंत्र फोल्डरमध्ये जे असेल ते सगळं वाचतं. पहिल्या धावेतच एरर आली: पोरानं एक फाइल उघडी ठेवली होती, आणि एक्सेल उघड्या फाइलसाठी तिल्डा-डॉलरनं सुरू होणारी एक छुपी फाइल शेजारी ठेवतं. क्वेरी ती वाचायला गेली आणि अडखळली. तिल्ड्यानं सुरू होणारी नावं गाळायची पायरी जोडली.

दुसरी गोष्ट जास्त वाईट, कारण ती अडखळली नाही. जुलैची बेरीज दुप्पट आली. जुलैची टूबी कोणी तरी दोनदा उतरवली होती, आणि ब्राउझरनं दुसरीच्या नावाला कंसात एक जोडला होता. दोन्ही 'मूळ'मध्ये. क्रेडिट दुप्पट! जीएसटी क्रमांक, बिल क्रमांक आणि बिलाची तारीख तिन्ही सारखे असतील, तर एकच ओळ ठेवायची, अशी पायरी घातली. बिल क्रमांकांचा वेगळाच तमाशा आहे. पार्टी ००११३ लिहिते, आपला टॅलीवाला ११३ लिहितो, आणि क्वेरीला त्या दोन वेगळ्या वस्तू.

संध्याकाळी मुंबईत नव्या मुख्यमंत्र्यांचा शपथविधी. माणूस नागपूरचा, त्यामुळे इथे फटाके.

१४ डिसेंबर, शनिवार

नोव्हेंबरची टूबी. 'मूळ'मध्ये ठेवली, प्रत 'चालू' झाली, मेळ उघडला. माथ्यावर लाल: 'महिना जुळत नाही'. पोरगा घाबरला. त्यानं वरच्या सेलमध्ये ऑक्टोबर तसाच ठेवला होता. नोव्हेंबर टाकला, लाल गेलं, बेरीज आली. मी काही बोलले नाही, पण बरं वाटलं.

भाटापाऱ्याच्या एका पार्टीची दोन बिलं टूबीत नाहीत. फोन केला. म्हणे, भरली आहेत, पुढच्या महिन्यात दिसतील. म्हणजे भरलेली नाहीत.

१५ डिसेंबर, रविवार

इथल्या राजभवनात मंत्र्यांचा शपथविधी, उद्यापासून हिवाळी अधिवेशन. सिव्हिल लाइन्सकडे जायचं काम नव्हतं, गेलेही नाही.

१७ डिसेंबर, मंगळवार

ऑक्टोबरपासून पोर्टलवर आयएमएस सुरू झालं आहे, इन्व्हॉइस मॅनेजमेंट सिस्टम. पुरवठादारानं भरलेलं प्रत्येक बिल आपण स्वीकारायचं, नाकारायचं किंवा प्रलंबित ठेवायचं. काहीच केलं नाही, तर स्वीकारलं असं धरतात. आज शेठांच्या लक्षात आलं की, इंदूरच्या एका पार्टीनं आपल्या नावावर एक बिल टाकलंय, माल कधी आलाच नाही. नाकारलं. १४ तारखेनंतर काही बदललं की टूबी पुन्हा मोजून घ्यावी लागते. घेतली. आता नोव्हेंबरच्या दोन टूबी झाल्या.

दुहेरी ओळी काढायची पायरी इथे कामाची नाही, आणि हे कळायला मला दुपार लागली. नाकारलेलं बिल नव्या फाइलच्या क्रेडिटच्या शीटमध्ये नाही, पण जुनीच्या शीटमध्ये आहे. दोन्ही फायली फोल्डरमध्ये राहिल्या, तर ते बिल जुनीतून येईल, त्याची जोडी कुठे नसेल, म्हणून दुहेरी ठरणार नाही, आणि नाकारलेलं क्रेडिट बिनबोभाट वर्षाच्या बेरजेत जाऊन बसेल.

उपाय फॉर्म्युल्याचा नाही. 'मूळ'च्या शेजारी 'बाद' नावाचा फोल्डर केला. महिन्याला एकच फाइल 'मूळ'मध्ये. पुन्हा मोजली की जुनी 'बाद'मध्ये. फेकायची मात्र नाही, कधी तरी नोटीस येईल आणि कोणी विचारेल. क्वेरीत एक छोटा तक्ता जोडला, जो प्रत्येक फाइलच्या रीड-मीमधला महिना मोजतो. एकाच महिन्याच्या दोन फायली सापडल्या, तर त्या महिन्याची ओळ लाल. नावांकडे तो बघतच नाही.

पोरानं विचारलं, मग सरकारनं दिलेलं ते लांबलचक नाव कशाला सांभाळायचं? माणसासाठी, म्हटलं. उद्या मी नसले आणि तू 'मूळ' उघडलास, तर कुठली फाइल कुठली ते तुला कळायला नको?

२० डिसेंबर, शुक्रवार

थ्रीबी भरली, या वेळी एका दिवसाच्या बोनसशिवाय. मेळ जुळला. भाटापाऱ्याची दोन बिलं सोडली.

आता जानेवारी. टूबीच्या नावात महिना आधी आणि वर्ष नंतर असल्यानं जानेवारीची फाइल ०१२०२५ म्हणून येईल आणि फोल्डरमध्ये एप्रिल-मे २०२४ च्याही वर जाऊन बसेल. क्वेरीला फरक पडत नाही, ती आतला महिना वाचते. पण पोरगा सगळ्यात खालची फाइल ताजी समजून 'चालू'ला ओढतो, आणि तेव्हा खाली डिसेंबर असेल. 'मूळ'मधल्या नावांपुढे २०२५-०१ असं वर्ष आधी जोडायचं ठरलं. एवढाच हात मूळ नावाला लावायचा.

उरला टॅलीचा भाग, आणि तिथे गोष्ट उलटी आहे. टॅलीतून रजिस्टर काढलं की ते दर महिन्याला तेच नाव सुचवतं. फॉर्म्युला कधी तुटत नाही. मागच्या महिन्याची फाइल मात्र नव्याखाली गाडली जाते, आणि काकांच्या काळातली सगळी रजिस्टरं अशीच गेलेली आहेत. त्या फाइलच्या वरच्या ओळींत कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत ते लिहिलेलं असतं. सोमवारी तिथूनच सुरुवात करायची. शेठांना सांगितलं, तर म्हणाले, "अजून हायेच का जी?"